कोल्ड रूमच्या दाराचं जुनं रबर

सत्यशीलामावशीला खोटं बोलता येत नाही.

भाजीत मीठ जास्त पडलं, तर आपण पहिला घास घ्यायच्या आधीच ती सांगून मोकळी होते. म्हणून तिच्या तोंडून हे सगळं ऐकलं तेव्हा मी हसलो नाही. एरवी असल्या गोष्टींना मी भीक घालत नाही. पण ते दार मी पाहिलंय. त्याच्या फळीवर खिळ्यांची भोकं आजही तशीच आहेत.

आणि आधीच सांगतो, ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या नाही, पिंपळ नाही, स्मशान तर नाहीच.

जे झालं ते भर दुपारी झालं. अंगणात लख्ख ऊन पडलेलं असताना. राहात्याजवळ पेरूच्या बागांमध्ये मावशीची वस्ती आहे, तिथं. दोन वर्षांपूर्वीच्या पौषात.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे गोरखकाका, तिथल्या बागायतदारांच्या कोल्ड रूमवर देखरेखीला आहेत. जाड पांढऱ्या पत्र्यांची ती एक बंद खोली. तोडलेला पेरू क्रेटमध्ये भरून आत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी गाडी लावायची. खोली जुनीच घेतलेली, एका दलालामार्फत. आधी ती कुठं होती, कुणाची होती, हे कुणी विचारलं नाही. थंड करतेय ना? झालं तर मग.

तिच्या दाराला कडेनं रबराची पट्टी होती. फ्रिजच्या दाराला असते तशीच, पण मनगटाएवढी जाड. ती खालच्या एका कोपऱ्यात झिजली होती आणि तिथून गार हवा सुटायची.

आवाज यायचा.

सुस्स... मग थोडं थांबून... सुस्स...

"डबा श्वास घेतोय," असं तिथली माणसं म्हणायची आणि हसायची.

त्या हिवाळ्यात मात्र हसण्यावारी नेण्याजोगं राहिलं नाही. मशीन थांबेचना. दाराजवळचे पेरू पिवळे पडायला लागले. शेवटी काकांनी कोपरगावहून सुनीलला बोलावलं. तो असल्या मशीनची कामं करतो.

सुनील दाराशी मांडी घालून बसला आणि खाचेतली पट्टी ओढून काढायला लागला. कोपऱ्याशी आल्यावर त्याचा हात थांबला.

"गोरखभाऊ, हितं उंदरं लई झालीत का?"

"आत? येड्या, थंडीनं मरतील की."

सुनीलनं पट्टी उलटी करून दाखवली. बाहेरची कड धड होती. कुरतडलेली होती ती आतली कड... अगदी खाली, जमिनीलगत.

"झिजलं न्हाई हे," सुनील म्हणाला. "कुनीतरी चावलंय."

कामाच्या वेळी असल्या गोष्टीवर बोलत बसायची आपल्याकडं रीत नाही. सुनीलनं नवं रबर बसवलं. दारात कागद धरून दार लावलं आणि कागद ओढून पाहिला. कागद हलेना. काम चोख झालं होतं.

दार लागलं आणि सगळे एकमेकांकडं बघायला लागले. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण काय ते कळेना.

मग कळलं.

सुस्कारा बंद झाला होता.

"जुनं रबर टाकून द्या," जाताना सुनील म्हणाला.

आता आपल्या माणसाला 'टाकून द्या' हे ऐकूच येत नाही. फाटक्या ट्यूबनं आपण गाडीवर गोणी बांधतो, तेलाच्या डब्यात तुळस लावतो, खताच्या गोणीचा पडदा करतो. एवढी लांब, जाड, चांगली पट्टी टाकायची? काकांनी ती गुंडाळली, खांद्यावर अडकवली आणि घरी आणली.

घरी तिची गरजही होती. मावशीची लेक अश्विनी बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिलटकरीण. मुलगा झाला होता, गोंडस, डोक्यावर भरपूर जावळ असलेला. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, बऱ्याच दवाखान्यांनंतर झालेला. मावशी त्या पोराकडं बघायची ती श्वास रोखूनच. याला काही झालं तर लेक जगणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही, हे तर आपल्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. त्यात पौषातली थंडी. आतल्या खोलीच्या खिडकीला मावशीनं गोणपाट आणि स्पंज कोंबला होता. राहिलं होतं ते दार. जुनं, वाकलेलं. त्याच्या कडेनं गार वारं आत यायचं.

काकांनी रबराचा कुरतडलेला कोपरा कापून टाकला. उरलेली चांगली पट्टी दाराच्या फळीला आतून, चारही कडांना, बारीक खिळ्यांनी ठोकली.

दार असं बसलं की उघडायला खांदा लावावा लागायचा.

बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणारी दगडाबाई तर खूश झाली. "ब्येस केलं बगा, गोरखभाऊ. आता वारं काय, मुंगी न्हाई जायची."

पहिले एक-दोन दिवस बरे गेले.

मग एका सकाळी अश्विनी म्हणाली, "आई, खोलीत पेरू ठिवलेत का?"

"न्हाई गं. का?"

"वास येतोय. गार वास... फ्रिज उघडल्यावानी."

मावशीनं कॉटखाली पाहिलं, कपाट पाहिलं. पेरू नव्हते. काकांच्या कपड्यांना येत असेल, असं म्हणून तिनं विषय संपवला.

पाचवीच्या पूजेला पाटावर दिवा लावला. दार बंद, खिडकी बंद. ज्योत सरळ उभी राहायला हवी होती.

ती राहिली नाही.

ज्योत दाराच्या खालच्या कोपऱ्याकडं झुकली... सरळ झाली... उलटीकडं झुकली... पुन्हा कोपऱ्याकडं.

वारा असा येत नाही. वारा एका बाजूनं येतो आणि जातो. मावशी हात जोडून बसली होती. ज्योतीकडं बघता बघता तिचं मन त्या हलण्याबरोबर मोजायला लागलं. आत... बाहेर... आत... बाहेर. तिला एकदम शिसारी आली. सटवाई आली असेल, असं तिनं मनाला सांगितलं. देवीवर ढकललं की माणसाला झोप येते.

दुसऱ्या दिवशी झाडताना उंबऱ्याच्या आत काळा चुरा सापडला.

रबराचा.

पट्टी कोपऱ्यात कुरतडलेली होती. तशीच, खाली, जमिनीलगत. पण तो कोपरा तर काकांनी कापून टाकला होता! हे धड रबर होतं.

"उंदीर लागला वाटतं," मावशी मोठ्यानं म्हणाली. स्वतःलाच ऐकू जावं म्हणून. तिनं चुरा सुपलीत भरायला बोटांनी गोळा केला.

चुरा ओला होता.

तिनं पिंजरा लावला, भजी लावली. सकाळी भजी तशीच. उंदीर नाही, लेंडी नाही, काही नाही. चुरा मात्र होता. आणि दाराजवळ उभं राहिलं की आवाज यायचा... अगदी हलका... सुस्स... थांबून... सुस्स...

काकांना तो आवाज ओळखीचा होता. पण ते बोलले नाहीत. मावशी म्हणते, त्यांच्यावरचा राग तिचा अजून गेला नाही. "तुमाला ठावं हुतं, मंग रबर उपटून का न्हाई फेकलं?" काका म्हणतात, "लोक काय म्हनले असते? रबराला भ्यालो?"

आणि मग तो दिवस आला.

सकाळी दगडाबाईनं मायलेकरांना तेल लावून कडकडीत पाण्यानं न्हाऊ घातलं. मग शेगडीत निखारे घालून ओवा-शेपाची धुरी दिली. रोज धुरी झाली की ती शेगडी बाहेर काढायची. त्या दिवशी हवेत फार गारठा होता.

"राहू द्या वाईच," मावशी म्हणाली. "पोरीला ऊब लागंल. मी काढते मागनं."

दार ओढून घेतलं. अश्विनी आणि बाळ झोपले. दगडाबाई चुलीशी चहा घेत बसली. मावशी अंगणात दुपटी वाळत घालायला गेली. मग शेजारची बाई आली, बोलण्यात वेळ गेला. शेगडी राहिली.

दुपटी घालून मावशी घरात आली आणि दारासमोर थबकली.

आवाज येत नव्हता.

इतके दिवस जो ऐकून तिच्या अंगावर काटा यायचा, तो सुस्कारा बंद होता. आणि तो बंद झाल्यावर तिला जास्त भीती वाटली.

"अश्विनी?"

तिनं दारावर थाप मारली.

"आशे, ए आशे!"

तिनं दाराला खांदा लावला. दार तसूभर हललं आणि थांबलं. पलीकडं काहीतरी होतं. मऊ. जड.

मग खालून आवाज आला.

कर्र... कर्र... कर्र...

कुणीतरी रबर चावत होतं. घाईघाईनं.

मावशी गुडघ्यांवर बसली. जमिनीला गाल लावला. दाराच्या खालच्या कोपऱ्यात पट्टी फाटली होती आणि तिथं बोटभर फट पडली होती. तिनं फटीला डोळा लावला.

फटीत बाळाचे ओठ होते.

एवढेएवढेसे. निळसर. उघडे. बाहेरची हवा ओढत होते.

मावशीच्या तोंडून जी किंकाळी फुटली, ती ऐकून काका गोठ्यातून धावत आले. दगडाबाई खांदा लावायला पुढं झाली, तशी मावशीनं तिला हिसडा देऊन मागं ओढलं.

"दार लोटू नका! बाळ दाराला हाय! चेंगरंल!"

आता करायचं काय? लोटावं तर नातू चिरडणार, न लोटावं तर आत दोघंही गुदमरणार. काकांनी पहार उचलली आणि घराला वळसा घालून खिडकीकडं पळाले. गोणपाट फाडला, काचा फोडल्या. धूर भसकन बाहेर आला. गजातून डोकं घालून ते आत बघायला लागले. धुरात नुसते आकार दिसत होते.

मावशी दाराशीच होती. एक बोट तिनं फटीत सारलं होतं, बाळाच्या गालाला टेकवून. तिला काकांचा आवाज ऐकू आला. खिडकीतून, संतापलेला.

"अगं, आत शिरलीस तर नुसती बसून काय करतीस? उचल की पोराला! उचल!"

मावशीला कळेना.

"सत्यशीले! तुलाच म्हनतोय! नुसती मागं टेकून काय बसलीस?"

"मी भायेर हाय!" मावशी ओरडली. "अवो, मी भायेर हाय!"

खिडकीकडून पहार खाली पडल्याचा आवाज तेवढा आला.

ताजी हवा शिरली तशी अश्विनी कण्हली. एका हातावर सरपटत, दुसऱ्यानं बाळाला कवटाळून ती दारापासून बाजूला झाली. तेव्हा कुठं दार लोटता आलं. आत अश्विनी होती आणि बाळ होतं. बाकी कुणी नव्हतं. मावशीनं कॉटखालीसुद्धा पाहिलं.

दवाखान्यात डॉक्टर सगळ्यांना फाडफाड बोलले. बंद खोलीत शेगडी ठेवता, अक्कल कुठं गहाण ठेवली? बरोबरच होतं त्यांचं. लेकरू वाचलं ते त्या फटीमुळं, असंही म्हणाले. आईनंच दातांनी रबर तोडलं असणार, आईची माया काहीही करून घेते.

मावशीनं अश्विनीची चूळ भरून घेतली होती. तिच्या दातांत रबराचा कणही नव्हता.

घरी आल्यावर अश्विनी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती आपणहून आईजवळ येऊन बसली.

"आई, मला जाग आली तवा डोकं लई जड झाल्तं. उभं ऱ्हाता येईना. बाळ रडतच नव्हतं. मी त्याला घेऊन सरपटत दारापातूर गेले."

"मंग?"

"तितं कुनीतरी आधीच पडलेलं हुतं."

मावशीनं हातातली वाटी खाली ठेवली.

"गडी मानूस हुता. जाड जाकीट, कानटोपी. माझ्याकडं पाठ करून आडवा पडल्याला. तोंड फटीला लावून. त्याची पाठ खालीवर हुत हुती... आई, कुनीच असा श्वास घेत न्हाई गं. लई भुकेजल्यावानी."

"तू काय केलंस?"

"काय करनार? भ्यायला पन ताकद पायजे. मी त्याच्या पाया पडले. म्हनलं, माझ्या पोराला दे. वाईच दे."

"आन?"

"सरकला तो. जागा दिली. मी बाळाचं तोंड फटीला लावलं."

मावशीनं दोन्ही हात जोडले. कुणाला जोडतोय हे तिलाही माहीत नव्हतं. कोण कुठला, कुठल्या थंड खोलीत कोंडला गेलेला अभागी माणूस, आणि त्यानं तिच्या नातवाला आपली जागा दिली. तिला रडू फुटलं. त्याचं भलं होवो, असंच ती म्हणाली.

"गेला मग तो?" तिनं डोळे पुसत विचारलं.



"न्हाई गेला. बाळाच्या मागं टेकून बसला. अगदी चिकटून. बाळ श्वास सोडायचं ना आई... तोच श्वास त्यो घ्यायचा."

काकांनी त्याच संध्याकाळी पट्टी उपटली. दगडाबाईनं ती बाळावरून ओवाळून दिली आणि काका मोटरसायकलवरून कोपरगावला जाऊन गोदावरीत सोडून आले. कोल्ड रूम आणून देणाऱ्या दलालाला त्यांनी फोन केला. ही खोली आधी कुठं होती, हे त्यानं आठवत नाही म्हणून सांगितलं. आत कधी कुणी अडकलं होतं का, असं विचारलं तेव्हा त्यानं फोन ठेवून दिला. नंतर तो नंबर लागलाच नाही.

घरात पुन्हा काही झालं नाही. सुस्कारा नाही, चुरा नाही, वास नाही. कोल्ड रूमचं नवं रबरही शाबूत राहिलं. बारसं झालं, पेढे वाटले. अश्विनी बाळाला घेऊन सासरी गेली, तिसगावला. मावशीला वाटलं, सुटलो.

मग तिसगावहून अश्विनीचा फोन आला. दुपारची वेळ होती. ती हळू बोलत होती.

"आई, बाळ झोपलंय. वाईच ऐक."

तिनं फोन बाळाजवळ धरला असावा. मावशीला बाळाचा श्वास ऐकू आला. हलका, भरभर.

मग तो थांबला.

आणि दुसरा आला... लांब... खोल... घरघरता.

तो संपला. मग पुन्हा बाळाचा.

"पाळीनं घेत्यात," अश्विनी म्हणाली. "एक झाला की दुसरा."

"खिडकी उघड!" मावशी किंचाळली. "आधी खिडकी उघड!"

"उघडीच हाय, आई. सगळ्या उघड्या हायेत. दार पन."

डॉक्टरांना दाखवलं. तपासण्या झाल्या, छातीचे फोटो झाले. काही नाही. बाळ ठणठणीत आहे. आज त्याला दोन वर्षं झालीत. गेल्या महिन्यात एका लग्नात मी त्याला पाहिलं. मांडवभर पळत होता, एका जागी ठरत नव्हता. वाटलं, मावशी उगाच जीव टांगणीला लावून बसलीय.

दुपारी तो दमून झोपला. मावशी त्याच्याजवळ बसली होती, हात त्याच्या छातीवर ठेवून. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, जप करतेय.

जवळ गेलो तेव्हा कळलं, ती श्वास मोजत होती.

पोराची छाती वर व्हायची, ती एक आकडा म्हणायची. पुन्हा वर व्हायची, तेव्हा ओठ घट्ट मिटून गप्प बसायची. मग पुढचा आकडा.

तिनं मान वर करून मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

मध्येमध्ये येणारा तो दुसरा श्वास ती मोजत नव्हती.